वरचं अर्धं पान

मुलाखतीत सरांनी मला काहीच विचारलं नाही. कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडून मी घरी बसले होते, आणि सांगलीत मराठी पुस्तकं वाचायचं ॲप करणारी एक कंपनी आहे असं कळल्यावर सगळी सर्टिफिकेटं प्लॅस्टिकच्या फोल्डरात घालून एसटीने आले होते. सरांनी फोल्डर न उघडताच बाजूला ठेवलं, माझ्या हातात एक कादंबरी दिली आणि म्हणाले, "वाच." मी वाचायला लागले. पहिली ओळ होते न होते तोच त्यांनी उठून पंखा वाढवला. दुसऱ्या ओळीला खिडकीचा पडदा ओढला. मग पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं, रुमालाने पुसलं आणि परत दिलं. मग किती वाजले ते सांगितलं. मी विचारलं नव्हतं. जरा वेळाने पुन्हा सांगितलं. शेवटी मी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, सर, तुम्ही मला वाचू देणार आहात का? नोकरी गेली असं समजून मी फोल्डर उचललंही होतं. सर खुर्चीत मागे रेलले आणि समाधानाने म्हणाले, "बाजारातली सगळी ॲपं हेच करतात. सोमवारपासून ये."

ऑफिस मार्केट यार्डाजवळ हळदीच्या एका गोदामाच्या माडीवर होतं. खाली हमालांनी पोतं टाकलं की वर आमच्या चहाला तरंग उठायचे. हळद जिन्याने चढून यायची, खिडकीतून यायची, मला वाटतं भिंतीतूनही यायची. कीबोर्ड पिवळे, पंख्याची पाती पिवळी. सर मात्र रोज पांढराशुभ्र हाफ शर्ट घालून यायचे आणि रोज दुपारपर्यंत आमच्यातले होऊन जायचे. पांढरा सोडून दुसरा रंग घ्या असं त्यांना सुचवायची कुणाची छाती नव्हती. मी सुट्टीला कराडला गेले की आई आधी मला दारातच झटकायची.

सर मूळचे कुंडलचे. पुण्यात मोठ्या कंपनीत बरीच वर्षं काढून परत आलेले. का परत आले याच्या दोन गोष्टी होत्या. सर सांगायचे ती अशी, की वरिष्ठांनी वाचायच्या पानाच्या कोपऱ्यात नाचणारी जाहिरात टाकायला सांगितली आणि यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. दुसरी त्यांच्याबरोबर तिथे काम केलेल्या एका माणसाने मला नंतर सांगितली. राजीनामा द्यायला गेले तेव्हा साहेब फोनवर होते, तर हे बोलणं संपेपर्यंत दारात उभे राहिले, जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी उभेच होते. मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात.

नवीन माणसाला सर पहिल्या दिवशी गुऱ्हाळ समजावून सांगायचे. काहिलीपुढे उभा असतो तो गुळव्या. त्याने फक्त उकळत्या रसाकडे बघायचं. चुलीत चिपाड घालणारा वेगळा, घाण्याला ऊस लावणारा वेगळा, ढेपा मोजणारा वेगळा. गुळव्या जर 'बघतो जरा जाळ' म्हणून मागे गेला, तर गूळ करपलाच म्हणून समजायचं. ॲपमध्ये वाचणाऱ्यापुढे पान धरून जो उभा असतो त्याला मेन थ्रेड म्हणतात, तो आपला गुळव्या. किती वाजले, बॅटरी किती उरली, प्रकरण किती राहिलं, ही घडीघडीला बघायची कामं मागच्या माणसांनी करायची. ते बॅकग्राउंड थ्रेड. आणि मागच्याने पडद्याला कधी हात लावायचा नाही. त्याने गुळव्याच्या कानात सांगायचं, गुळव्या सवडीने पडदा बदलेल. दोघांनी एकदम काहिलीत हात घातला तर काय होतं ते सांगायची गरज नाही, असं म्हणून सर ते सविस्तर सांगायचे.

शिकवण उत्तम होती. अडचण एवढीच की ती पाळायची जबाबदारी फक्त ॲपवर होती. सर स्वतः एका वेळी एकच काम करायचे, आणि ऑफिसातलं प्रत्येक काम त्यांचंच होतं. चहा तेच करायचे, कारण आमच्या हातचं आलं त्यांच्या मते रागावलेलं असायचं. फोन तेच घ्यायचे. पाण्याचा फिल्टर बिघडला की तोही तेच खोलायचे, आणि खोलला की पूर्ण होईपर्यंत कंपनी बंद. कामाला असलेले आम्ही तिघं लॅपटॉप हातावर धरून त्यांच्यामागे रांगेत उभे, आणि सर जमिनीवर बसून रबराच्या वायसरकडे डोळे बारीक करून बघतायत, असं दृश्य पुष्कळदा दिसायचं. कुणी बोललंच तर तळहात वर व्हायचा. मोबाइलवर ॲप अडकलं की एक पाटी येते, 'ॲप प्रतिसाद देत नाही, थांबायचं की बंद करायचं?' आम्ही एकमेकांकडे बघून तेच पुटपुटायचो. पाठीमागे आम्ही त्यांना मेन थ्रेडच म्हणायचो. त्यांना ते कळलं तेव्हा त्यांनी सत्कार झाल्यासारखा चेहरा केला.

गिऱ्हाईक आलं की गंमत वाढायची. मागच्याने पडद्याला हात लावायचा नाही हा नियम सरांनी ऑफिसलाही लावला होता. पडदा म्हणजे गिऱ्हाईक. आम्ही गिऱ्हाइकाशी थेट बोलायचं नाही, जे सांगायचं ते चिठ्ठीवर लिहून सरांच्या कपाखाली सरकवायचं, सर चिठ्ठ्या आल्या त्या क्रमाने वाचतील आणि सवडीने बोलतील. एकदा मिरजेचे एक प्रकाशक आले होते. सभ्य माणूस. त्यांनी माझ्याकडे बघून सहज विचारलं, तुम्ही कुठल्या? मी चिठ्ठी लिहिली. आधीच्या चिठ्ठ्या संपेपर्यंत सर दुसरंच बोलत राहिले. बऱ्याच वेळाने, फॉन्टची चर्चा रंगात आली असताना, ते मध्येच म्हणाले, "कराडची आहे." प्रकाशकांनी थोडा विचार केला आणि विचारलं, कोण?

तरीही माणूस वाचणाऱ्यासाठी मरायला तयार होता, हे मी शपथेवर सांगेन. आमचं ॲप कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याच्या यंत्रांवरही चालायचं. त्या पडद्याची खोड अशी की त्यावर काहीही बदललं की तो एकदा काळा होऊन मिचकावतो. कोपऱ्यातलं घड्याळ मिनिटामिनिटाला बदलायचं आणि मिनिटामिनिटाला पान डोळा मारायचं. सर खवळले. वाचत बसलेल्या माणसाच्या तोंडावर कुणी दर मिनिटाला बॅटरी मारतं का? त्यांनी फर्मान काढलं, घड्याळ पान उलटतानाच बदलेल. मी म्हटलं, सर, मग वेळ चुकीची दिसेल. ते म्हणाले, "वाचताना चुकतेच." असं काही ते बोलले की मला वाटायचं, या माणसाकडे आयुष्यभर नोकरी करावी. दुसऱ्या दिवशी फिल्टर बिघडायचा.

या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी एकच वाचक होता. सरांचे वडील, आबा. सुभेदार म्हणून सैन्यातून निवृत्त झालेले, कुंडलला राहणारे, आणि गावच्या वाचनालयातल्या झाडून सगळ्या रहस्यकथा वाचून संपवल्यावर त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू केलेले. त्यांना लकवा मारला आणि उजवा हात लुळा पडला. डावा होता, पण तो थरथरायचा. पुस्तक धरता येईना. मोबाइलवर पान उलटायला बोट लावावं तर बोट कापून एकदम पाच पानं पुढे जायची. कुणी वाचून दाखवतो म्हटलं की आबा विचारायचे, मी काय आंधळा हाय? अखेर त्यांनी वाचणंच सोडलं. ओसरीवर रस्त्याकडे तोंड करून बसायला लागले. एका शनिवारी गावाहून आल्यावर सर म्हणाले, आबा आता उसाच्या ट्रॉल्या बघत बसतात. त्या आठवड्यात ते फिल्टरकडे फिरकले नाहीत.

आबांनी पुन्हा वाचावं, एवढंच सरांना हवं होतं. कंपनी, ॲप, थ्रेड हे सगळं त्याच्यानंतर. आणि आबांनी एकदा तरी म्हणावं, की पोरानं बरं केलं, हेही हवं होतं. ते सर कधी बोलले नाहीत, पण दिसायचं. पुण्याची नोकरी सोडून आल्यापासून आबा गावात सांगायचे, पोरगं सांगलीत मोबाइलचं दुकान चालवतंय. सरांना ते लागायचं. बापलेकांत बोलणं म्हणजे जेवलास का आणि ऊस तोडला का, यापलीकडे नसे.

म्हणून सरांनी आपोआप उलटणारं पान केलं. मागे एक थ्रेड वेळ मोजत बसायचा, वेळ भरली की गुळव्याच्या कानात सांगायचा, आणि पान अलगद बदलायचं. अधेमधे मिचकावणं नाही, अडकणं नाही, आवाज नाही. काम खरोखर सुंदर झालं होतं. एका पानाला किती वेळ द्यायचा हे ठरवायला सर स्वतः खुर्चीत बसून रहस्यकथा वाचत राहिले आणि आलेल्या वेळेत म्हाताऱ्या माणसासाठी म्हणून थोडी भर घातली. मी म्हटलं, वेग कमीजास्त करायचं एक बटण देऊ. सर म्हणाले, बटण म्हणजे प्रश्न, आणि वाचणाऱ्याला प्रश्न विचारायचा नसतो. मग आबांनाच विचारून वेग ठरवा, असं मी म्हटलं. तर ते म्हणाले, विचारतो की दर शनिवारी. आबा 'ठीक हाय' म्हणतात.

सगळी उमर सैन्यात गेलेल्या माणसाचं 'ठीक हाय' हा रिपोर्ट असतो, मत नसतं, हे सरांना मुलगा असून कळलेलं नव्हतं.

मागच्या एका थ्रेडला पानं मोजायचं काम होतं. पान उलटलं की वाचलं, असा हिशेब. आकडे कुंडलहून सांगलीला आमच्या पडद्यावर यायचे. आबा रोज वाचत होते. सकाळी वाचत होते, दुपारी वाचत होते, पुस्तकामागून पुस्तक संपवत होते. सर ते आकडे बघून अक्षरशः फुलायचे. चहा गाळता गाळता म्हणायचे, आबांनी काल पुस्तक संपवलं. खालच्या हमालांना सांगायचे. एका हमालाने विचारलं, कसलं पुस्तक हाय? सर म्हणाले, ते यात येत नाही.

साताऱ्याची एक संस्था होती, म्हाताऱ्या माणसांसाठी वाचनाची यंत्रं गावोगाव वाटणारी. तिच्या कानावर आबांची कीर्ती गेली, म्हणजे सरांनीच घातली. संस्थेच्या मॅडम म्हणाल्या, आकडे फार छान आहेत, आम्ही तुमचंच ॲप घेऊ, फक्त एकदा लाभार्थीला प्रत्यक्ष बघायचं आहे. हे काम मिळालं असतं तर कंपनी तरली असती, नाही तर आम्ही तिघं आपापल्या गावी परत, हे आम्हाला माहीत होतं. सर मला म्हणाले, तू चल. मी खूश झाले. मग त्यांनी माझ्या हातात कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिला.

पलूसच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकत, मॅडमच्या गाडीच्या पुढेमागे सरांची दुचाकी नाचवत आम्ही कुंडलला पोचलो. आबा तयार होते. ओसरीवर खुर्ची, कडक इस्त्रीचे कपडे, मिशा वर, आणि समोर सुताराकडून करून घेतलेल्या लाकडी घोडीवर ते यंत्र. आबा ताठ बसून वाचत होते. पान आपोआप उलटत होतं. मॅडमनी मोबाइलवर व्हिडिओ घेतला. आजोबा, कसं वाटतं, म्हणून विचारलं. आबा म्हणाले, ठीक हाय. मॅडमनी ते टिपून घेतलं. सर चहा करायला आत गेले, मॅडम घर बघायला त्यांच्या पाठोपाठ गेल्या, आणि मी एकटी आबांजवळ राहिले.

मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. नजर सावकाश, ओळीवरून ओळीवर, चांगली सरळ चालली होती. पानाच्या मध्यापर्यंत आली आणि पान उलटलं. आबांची नजर कुरकुर न करता नव्या पानाच्या वरच्या ओळीवर गेली. पुन्हा मध्यापर्यंत आली. पुन्हा पान उलटलं. मला काही समजेना, की समजलं ते खरं वाटेना. मी विचारलं, आबा, गोष्ट काय आहे?

"शेटच्या बंगल्यात खून झालाय," आबा म्हणाले. "इन्स्पेक्टर आला. त्यानं कपाट उघाडलं."

"मग कपाटात काय होतं?"

"ते न्हाई म्हाईत. एकदम पोलीस ठेसनात बसलाय आता. कपाटाचं खालच्या अर्ध्यात आसंल. खालचं अर्धं मला गावत न्हाई पोरी, तवर पान जातंय."

मी विचारलं, हे कधीपासून? तर म्हणाले, पयल्यापासनं. म्हणजे आमच्या पडद्यावर जी ढीगभर पुस्तकं आबांनी वाचली होती, ती सगळी त्यांनी वरून अर्धी वाचली होती. सुरुवातीला त्यांना वाटलं, आजकालचे लेखक असंच लिहितात. माणूस वरच्या ओळीला जेवायला बसतो आणि पुढच्या पानावर त्याची बायको मुंबईला निघालेली असते. नंतर सवय झाली. मधलं ते स्वतःच्या मनाने भरून काढायचे. मी म्हटलं, पण आबा, खुनी कोण ते? ते कसं कळतं?

"त्ये बी खालीच आसतंय. मी आपला वकील धरतो."

"दर वेळी वकील?"

"दर वेळी. आमची भावकीची केस चाललीवती तवा मी लय वकील बघितल्यात."

मला हसू येत होतं आणि हसवतही नव्हतं. सरांना सांगायचं ना आबा, असं मी म्हटलं. आबांनी मान वळवून माझ्याकडे नीट बघितलं, भरतीला आलेल्या अडाणी पोराकडे बघावं तसं.

"परेड चालू आसताना आपल्या बुटाची नाडी सुटली म्हणून कोण सगळ्यास्नी थांबीवतंय व्हय? त्यानं माज्यासाठी केलंय. पुन्यातली नोकरी टाकून आलंय. आन मी त्येला म्हणू, तुजं मशीन पळतंय, मला गावंना?"

दारात सर उभे होते. हातात ट्रे, ट्रेमध्ये चहा. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. त्यांचा चेहरा असा झाला होता की आम्ही ऑफिसात पुटपुटायचो ती पाटी मला आठवली, आणि आठवल्याचीच लाज वाटली. त्यांच्यामागून मॅडम बाहेर आल्या. त्यांनीही ऐकलं होतं. पण त्या अनुभवी होत्या. म्हणाल्या, यात घाबरण्यासारखं काही नाही, पानं तर उलटली आहेत ना? आमच्या अहवालात 'वाचलेली पाने' एवढाच रकाना आहे. आकडे आहेत तसे राहू द्या, वेगाचं तुमचं काय ते नंतर बघा.

सर म्हणाले, "अर्धी लिहा."

मॅडम म्हणाल्या, अर्धी पानं असा रकाना नाही. आणि अर्धी वाचली म्हटलं तर योजनेला कोण विचारणार?

"मग काहीच लिहू नका," सर म्हणाले.

ते ट्रे माझ्या हातात देऊन आबांजवळ गेले. मॅडम अजून काहीबाही बोलत होत्या, समजावत होत्या, सरांच्या कानात काहीच शिरत नव्हतं. मी चिठ्ठी लिहिली नाही. आमची नोकरी त्या क्षणी ओसरीच्या पायऱ्या उतरून चालली होती आणि मला, खरं सांगते, सरांचा आजवर कधी नव्हता इतका अभिमान वाटत होता. सरांनी यंत्रावर बोट ठेवून मागचा तो वेळ मोजणारा थ्रेड बंद केला. कपाटाच्या पानापर्यंत मागे गेले. मग आबांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आबा, वाचा. पान झालं की मान हलवा. मी उलटतो."

"आन तुजी कामं?"

"ह्येच काम हाय."

सरांच्या तोंडून कुंडलची बोली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. आबा वाचायला लागले. वरचं अर्धं झालं, नजर खालच्या अर्ध्यात उतरली, अनोळखी गावात शिरावं तशी जपून. मॅडमचा चहा निवला. शेवटच्या ओळीपाशी पोचल्यावर आबांनी मान हलवली, सरांनी पान उलटलं, आणि आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "कपाटात नुस्ता कोट हुता. मी बंदूक धरलीवती."

मॅडम निरोप घेऊन निघाल्या तेव्हा बापलेक गोष्टीतल्या पोलीस ठाण्यात पोचले होते.

साताऱ्याचं काम आम्हाला मिळालं नाही, हे सांगायला नको. ते दुसऱ्या कुणाला मिळालं, त्यांची पानं बहुधा आमच्यापेक्षाही भराभर उलटत असतील. सरांचं मात्र डोकं फिरलं. इतके दिवस वाचणाऱ्याला एक प्रश्न विचारायचा नाही म्हणणारा माणूस आता विचारल्याशिवाय पाणी पिईना. नव्या आवृत्तीत प्रत्येक पानाच्या शेवटी ॲप विचारायचं, झालं का? हो म्हटलं की विचारायचं, नक्की? मी सांगून बघितलं की आबांची गोष्ट वेगळी, लोक वैतागतील. सरांचा तळहात वर झाला. लोक वैतागले आणि ॲप काढून टाकायला लागले. हळूहळू आम्ही तिघं पांगलो. मला पुण्यातल्या एका कंपनीचं घरबसल्या काम मिळालं. तिथे कुणी कुणाला गुऱ्हाळ सांगत नाही. चहाला तरंग उठत नाहीत, आणि वाचणाऱ्याबद्दल कुणी बोललेलं मी अजून ऐकलेलं नाही.

परवा पलूसला एका मैत्रिणीच्या लग्नाला गेले होते, तिथून कुंडलला वाकडी वाट केली. सर ओसरीवरच होते, आबांच्या शेजारी, जमिनीवर. आठवड्यातले बरेच दिवस आता तिथेच असतात, उरलेले सांगलीत. ऑफिस चालू आहे का विचारलं तर म्हणाले, चालू आहे, मी नसलो की थांबतं. आबा थकलेत, पण बसणं तसंच ताठ. मला बघून सर उठले, चहा करतो म्हणाले. मी करते म्हटलं तर तळहात. आत आलं कुटल्याचा आवाज यायला लागला, म्हणजे आता निदान अर्धा तास बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध नव्हता.

मी आबांजवळ बसले. पुस्तकाची थोडीच पानं उरलेली पडद्यावर दिसत होती. आबांची नजर पानाच्या अगदी खालच्या ओळीवर होती आणि तिथेच थांबली होती. मला वाटलं, मान हलवायला सर समोर नाहीत म्हणून खोळंबलेत. मी म्हटलं, आबा, पान झालं असेल तर मी उलटते.

"झालंय कवाच," आबा म्हणाले. "त्यो उठायच्या आधीच झालंय."

"मग मान का नाही हलवली?"

आबांनी आतल्या दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "पुस्तक संपलं की त्यो गाडीला किक मारतोय पोरी."

सर चहा घेऊन आले. एक कप मला दिला, एक आबांच्या डाव्या हातात नीट धरवला, आणि पुन्हा आपल्या जागी मांडी घालून बसले. बोट पडद्याजवळ नेऊन आबांच्या हनुवटीकडे बघत त्यांनी विचारलं, "आबा, झालं?"

"थांब की जरा," आबा म्हणाले आणि त्यांनी नजर पुन्हा पहिल्या ओळीवर नेली.